नववी खोडी

संगमनेर
७ जुलै २०२५

फरहीन,

"जे कधी बंद पडत नाही, ते कोणाला काही शिकवत नाही." बस स्टँडसमोर भेळेचा कागद हातात धरून तू हे म्हणाली होतीस. 'पाट' त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडला होता. मला रडू येत होतं आणि तू माझ्या भेळेतल्या कैरीच्या फोडी उचलून खात होतीस.

आज तो पुन्हा बंद पडला. कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले, त्यातली ही सहावी वेळ.

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग दुसरा कागद घेतला. फोन केला असता, पण तुझा नंबर माझ्याकडे नाही. बेलापूरचं तुझ्या अब्बांचं घर मात्र लक्षात आहे. तू तिथेच लहान मुलांचे कॉम्प्युटरचे वर्ग घेतेस, असं आमच्या वर्गातल्या सृष्टीकडून कळलं. तिची मावशी तुमच्या गल्लीत राहते.

'पाट' म्हणजे काय, ते मुलांना मी अजून आपण ठरवलेल्या शब्दांतच सांगते. माझे वडील, दादा, प्रवरेच्या कालव्यावर पाटकरी होते. पाटकऱ्याचं काम पाळी लावायचं. पाणी एक आणि शेतं पन्नास, तेव्हा कोणाला आधी, कोणाला किती वेळ, आणि शेवटच्या शेताला ते पोचतं की नाही, हे त्यानं बघायचं. कॉम्प्युटरमध्येही राबणारा एकच आणि दारात ताटकळणारी कामं पन्नास. त्यांच्या पाळ्या लावणारी ती ऑपरेटिंग सिस्टिम. बाजारातल्या मोठ्या सिस्टिम कोणाला एका जन्मात वाचून होत नाहीत, म्हणून आपण 'पाट' ही लहान सिस्टिम बांधली. चार हजार ओळींची, एका सत्रात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून संपणारी.

मशीन सुरू केलं की पडद्यावर अजून 'पाट सुटला' उमटतं. त्या मशीनना देवनागरी येत नव्हती म्हणून तू आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करून ती अक्षरं काढली होतीस. कोडच्या पहिल्या पानावर आता एकच नाव आहे. अक्षर मात्र तुझंच आहे. रोज सकाळी अकरा मशीनवर ते एकदम उजळतं आणि मी त्या वेळी हजेरीचा कागद शोधत असते.

मुद्द्याचं लिहिते. वीस ऑगस्टला अभ्यास मंडळाची माणसं येणार आहेत. विभागप्रमुख आदिनाथ सर भले आहेत, पण त्यांनी सरळ सांगितलं की त्या दिवशी 'पाट' अडकला, तर पुढच्या वर्षापासून तयार कोर्स विकत घ्यायचा. मुलं व्हिडिओ बघतील, परीक्षा देतील. त्यात बंद पडायचा प्रश्नच नाही, असंही ते म्हणाले. मला तुझं वाक्य आठवलं ते तेव्हा.

तुझ्या खोड्यांची पद्धत मी मुलांना सांगते, पण स्वतः कधी केली नाही. दर वर्षी तू 'पाट'मध्ये तीन बिघाड मुद्दाम घालायचीस. कुठे, ते मलाही सांगायची नाहीस. मुलांनी शोधायचे आणि ज्याला सापडेल त्याला भेळ. उत्तरं तुझ्या हिरव्या वहीत. तीन वर्षांत नऊ व्हायला हव्या होत्या. आठ सापडल्या. नववीबद्दल तू म्हणाली होतीस, "ही तुलासुद्धा सापडायची नाही."

नाही सापडली. एवढंच विचारायला हे पत्र लिहिते आहे. नववी खोडी कुठे आहे?

सुरेखा


१६ जुलै २०२५

फरहीन,

तुझं उत्तर नाही. टपाल रेंगाळलं असेल, असं मी धरून चालले आहे.

सृष्टी माझ्यावर चिडली आहे. रोज आंबी खालशाहून एसटीनं येणारी, सडपातळ, हिशेबी डोक्याची मुलगी. मी सगळ्या वर्गाला खोडी शोधायला बसवलं. दहा दिवस ती मान खाली घालून चार हजार ओळी वाचत होती. काल म्हणाली, "मॅडम, बिघाड घातलाय का झालाय, हे तरी आधी ठरवा की. घातलेला शोधायची रीत वेगळी असती आन् झालेला शोधायची वेगळी."

मी म्हटलं, घातलेलाच आहे. फरहीन मॅडमनी.

ती म्हणाली, "कशावरून?"

कशावरून, ते मला सांगता आलं नाही. म्हणून आता तुला सांगते आहे.

११ ऑक्टोबर २०१२ ला तपासणीचे लोक आले, तेव्हा 'पाट' मी चालवत होते आणि तू दाराशी उभी होतीस. पाच माणसं माझ्यामागे होती. मी फाईल उघडायला सांगितली आणि पडदा तसाच राहिला. की-बोर्ड मेला. प्राचार्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "हा बिघाड मुद्दाम घातलेला आहे, फरहीन मॅडमनी." आपली शिकवायची पद्धतच तशी होती आणि मी तीच सांगत होते. त्यांनी 'मुद्दाम' एवढंच धरलं, त्याला मी काय करणार? त्यातल्या एका सरांनी तुझं आडनाव पुन्हा विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं. मी ते पाहिलं. पण त्या पाच जणांसमोर खोड्या, भेळ, हिरवी वही हे सगळं समजावत बसायचं, तर मला शब्द सापडेनात. आणि ते सगळे पुढच्या लॅबकडे निघाले.

मी खोटं बोलले नव्हते. हे मी इतक्या वेळा मनाशी म्हटलं आहे की आता त्याचा अर्थच लागेनासा झाला आहे.

दिवाळीनंतर तुझे तास काढून घेतले. आपण दोघीही तासिका तत्त्वावर होतो, दोघींचेही जाऊ शकले असते. माझे राहिले. दोन वर्षांनी मी कायम झाले.

तू एकदा घरी येऊन गेलीस, असं आईनं सांगितलं होतं. मी त्या दिवशी शिर्डीला गेले होते. नाहीतर भेट झाली असती.

नवव्या खोडीचं तेवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

सुरेखा


२९ जुलै २०२५

फरहीन,

तुझं पाकीट मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी ते दोनदा झटकलं, मग फाडून उलगडलं. हिरव्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स. बस. पत्त्यावरचं अक्षर तुझं, तेवढंच माझ्यासाठी लिहिलेलं.

ते पान तू पाठवलं आहेस म्हणजे तुला ते पाठ असेल. तरी मी इथे उतरवते, कारण मला ते अजून खरं वाटत नाही.

'८. छपाईचा भाग, ओळ उलटी. सापडली. भेळ दिली.

९. अजून घातलेली नाही. तपासणी झाल्यावर घालू.

१० ऑक्टोबर. आज पाट दोनदा अडकला. माझ्याकडून काही नाही. सुरेखाच्या पाळीच्या भागात काहीतरी आहे. उद्याच्या आधी तिला सांगायचं. एकटीला गाठून.'

म्हणजे नववी खोडी नव्हतीच.

मी लॅबमध्ये बसून ते वाचलं आणि सृष्टीच्या हातात दिलं. तिनं वाचलं, परत दिलं. आणि पाळीचा भाग उघडून बसली. साडेतीनशे ओळी. सगळ्या मी लिहिलेल्या. दादांचं पाळ्या नोंदवायचं पुस्तक समोर ठेवल्यासारख्या लिहिल्या होत्या. 'पाट'चं नाव त्यावरूनच पडलं.

आता त्या सकाळचं एकेक आठवतं आहे आणि खरं आठवतं आहे की मी जुळवते आहे, ते कळत नाही. तू आलीस, निळा स्कार्फ होता. मी तारा तपासत होते. तू म्हणालीस, "दोन मिनिटं बाहेर येतेस?" मी म्हणाले, नंतर. तू पुन्हा म्हणालीस का? मला वाटतं, म्हणालीस. मग प्राचार्य आले.

तुला माहीत होतं. दाराशी उभी राहून तू बघत होतीस, मी पाच माणसांसमोर माझी चूक तुझ्या नावावर सांगितली, आणि तुला माहीत होतं की ती माझी आहे. मग बोलली का नाहीस? तिथे नको, तर नंतर, प्राचार्यांना, कोणालाही. वही होती की तुझ्याकडे. दाखवली असतीस तर माझे तास गेले असते, तुझे राहिले असते.

की म्हणूनच? 'एकटीला गाठून' हे दोन शब्द मी सारखे वाचते आहे. तू मला वाचवत होतीस, असं धरलं तर मी कोण ठरते, ते मला बघवत नाही. आणि तसं नव्हतं, रागानं गप्प राहिलीस असं धरलं, तर मला बरं वाटतं. बरं वाटतं हेही कळवते, आता काही लपवायचं कशाला.

बिघाड अजून सापडलेला नाही. तुला ती ओळ माहीत आहे का? मागत नाही. नुसतं विचारते.

सुरेखा


५ ऑगस्ट २०२५

फरहीन,

सापडला. कोणी शोधला ते ऐकलंस तर हसशील. माझ्या आईनं.

आधी सृष्टीचं सांगते. तिनं तक्ता केला होता, पाट कधी अडकतो, कोणत्या मशीनवर, कशानंतर. त्यात दिसलं की तो फक्त डिस्कवरून काही वाचताना अडकतो आणि फक्त नव्या डिस्क बसवलेल्या आठ मशीनवर. उन्हाळ्यात कॉलेजनं त्या बदलल्या. जुन्या तीन मशीनवर वर्षातून एखाद्या वेळेला. "जुनी डिस्क मंद हाय मॅडम, नवी झटक्यात उत्तर देती," ती म्हणाली. "लवकर उत्तर आल्यानं कोण अडकतं?"

हे कोडं घेऊन मी रविवारी घरी बसले होते. तिलाही बोलावलं होतं. आई भाकरी थापत होती. तिला पंच्याहत्तर संपली, कान तिखट आहेत. मालनबाई, म्हणजे आई, विचारते आहे म्हटल्यावर सांगावंच लागतं, म्हणून सृष्टीनं तिला दादांच्या भाषेत सांगितलं. एक शेतकरी आहे. तो आधी पाटावर जाऊन बघतो, पाणी आलंय का. नाही आलं. मग तो चौकीवर येऊन पाटकऱ्याकडे नाव लावतो आणि झोपतो. पाणी आलं की पाटकरी यादीत नावं बघून हाक मारतो.

आईनं हात थांबवला. "हे कुनी शिकवलं तुला?"

सृष्टीनं माझ्याकडे बोट केलं.

"बिभीषन पाटकऱ्याची लेक तू," आई मला म्हणाली, "आन् यवढं ठावं न्हाई? आधी नाव लावायचं, मंग पानी बघाया जायाचं. आधी पानी बघून चौकीकडं निघाला, आन् तो वाटंत असतानाच पानी आलं, तर? पाटकरी हाक मारतोय, यादीत नावच न्हाई. हाक गेली वाया. ह्यो मागनं येतो, नाव लावतो, झोपतो निवांत. पानी गेलं म्होरं. हाक एकदाच मारत्यात, बाई. मंग बसा वाट बघत."

माझ्या कोडमध्ये अगदी तेच होतं. 'उत्तर आलं का बघ', मग 'नाव लाव, झोप'. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत डिस्कचं उत्तर आलं, तर ते कोणालाच मिळत नाही आणि काम कायमचं झोपून राहतं. डिस्क मंद होती तोवर त्या फटीत उत्तर येणं दुर्मीळ होतं. २०१२ च्या त्या दिवशी आलं. दोन ओळींचा क्रम बदलला. सृष्टीनं दोन दिवस आठही मशीन अखंड चालू ठेवली. एकदाही अडकला नाही.

दादांच्या नावानं मिरवलं आणि दादांचीच रीत उलटी लिहिली. लहानपणी मी त्यांच्या सायकलवर पुढे बसून चौकीवर जायची. माणसं पाटावरून चालत येताना दिसायची, दादांशी बोलून आडवी होताना दिसायची. ती आधी एकदा नाव लावून गेलेली असायची, हे मला दिसलं नव्हतं.

सृष्टी गेल्यावर आई म्हणाली, "त्या बेलापूरच्या पोरीची काय खबर?"

मी म्हटलं, बरी आहे.

"तुझ्यापायी मी तिला खोटं बोलले," आई म्हणाली. मग परातीतलं पीठ झाडत राहिली.

मी शिर्डीला गेले नव्हते, फरहीन. मधल्या खोलीत होते, दाराच्या मागे. तू आईला विचारलंस, "कधी येईल?" आई म्हणाली, सांगता येत नाही. तू पाणी प्यालीस. तांब्या ठेवल्याचा आवाज मला आला. तू हिरवी वही आणली होतीस का त्या दिवशी? मला दिसत नव्हतं. दार एवढंही उघडं नव्हतं.

तू ही ओळ सांगायला आली होतीस की तासांबद्दल विचारायला, की नुसतीच, ते मला आता कधी कळणार नाही. आठवून बघते तर तुझा आवाज चिडलेला नव्हता. पण मी दाराच्या मागून ऐकला होता.

सुरेखा


२१ ऑगस्ट २०२५

फरहीन,

काल मंडळाचे लोक येऊन गेले. 'पाट' अडकला नाही. आदिनाथ सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

मी एक ठरवून गेले होते. दाखवून झाल्यावर उभी राहिले आणि सांगितलं की २०१२ साली ही सिस्टिम याच लॅबमध्ये बंद पडली होती, तो दोष फरहीन शेख यांच्यावर ठेवला गेला, तो माझा होता, आणि ठेवणारीही मीच होते. कोणत्या दोन ओळी, ते पडद्यावर दाखवलं. मंडळातल्या एका बाईंनी त्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या, मुलांना शिकवायला छान उदाहरण आहे म्हणाल्या.

मग आदिनाथ सर हळूच म्हणाले, "मॅडम, ते आता कोणाला आठवतंय?"

खरंच कोणाला आठवत नव्हतं. ते प्राचार्य निवृत्त होऊन गेले. आडनाव लिहून घेणारे सर कोण होते, ते मलाच सांगता येत नाही. इतकी वर्षं मी ज्या माणसांना घाबरून गप्प राहिले, ती माणसं केव्हाच उठून गेली होती आणि मी रिकाम्या खुर्च्यांसमोर गप्प बसले होते. हे ज्यांना आठवतं अशी आपण दोघी, आणि आई. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. काय वाटलं तेही सांगता येत नाही.

कॉलेजनं 'पाट' आणखी एक वर्ष ठेवला आहे. पहिल्या पानावर तुझं नाव परत घातलं, माझ्या वर. वर घालणं बरोबर की नाटकी, याचा मी तासभर विचार केला. सृष्टी म्हणाली, "अक्षरमाळेनं लावा की, फ आधी येतो." म्हणून ते राहिलं.

तिला तिची भेळ दिली. आईची भेळ घरी नेली, तिनं शेव काढून ठेवली, दाताला लागते म्हणून.

आता जे विचारायचं आहे ते. तू नाही म्हणशील, हे धरूनच विचारते. कदाचित नाहीही म्हणणार नाहीस, नुसतं उत्तर देणार नाहीस. तेही चालेल.

'पाट' आता बंद पडत नाही. मुलं येतात, 'पाट सुटला' बघतात, उदाहरणं करतात, जातात. गेल्या पंधरवड्यात कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी स्वतः एखादी खोडी घालून बघितली, पण मला ती कुठे आहे ते माहीत असतं आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघून ती शोधतात. तू घालायचीस तेव्हा मीही त्यांच्यासोबत खरीखुरी अडकायची.

सोमवारी अकरा ते एक लॅब रिकामी असते. बेलापूरहून लोणीमार्गे यायला दोन तास लागतील. मी त्या वेळात खाली स्टाफरूममध्ये बसेन, वर येणार नाही. आई म्हणाली आहे, ती दारात थांबेल, कोणी अडवू नये म्हणून. मशीनला पासवर्ड नाही.

वहीत नऊ नंबर अजून बाकीच आहे. ये आणि तो घाल. कुठे घातलास ते मला सांगू नकोस.

सुरेखा